मैनेची पिल्लं

तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ उमटली. मी ती उन्हात धरली, तिरकी करून पाहिली, मग सावलीत आणून पाहिली. दुसरी रेघ काही केल्या उमटेना.

"काय निघालं मॅडम?" दिगंबर सगरांनी विचारलं. ते माझ्या खांद्याजवळ इतके वाकून उभे होते की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"दोन रेघा आल्या असत्या तर पार्वो. इथं एकच आहे."

"म्हणजे पार्वो न्हाई."

"पट्टी तरी नाही म्हणतेय."

"मग काय हाय?"

मी पट्टी खाली ठेवली. समोर गोणपाटावर चार पिल्लं पडली होती. लांब पायांची, चिंचोळ्या तोंडाची, अस्सल कारवानी जातीची. थोड्याच दिवसांपूर्वी मी लस टोचायला आले होते तेव्हा हीच पिल्लं माझ्या ओढणीचं टोक धरून खेचत होती. आता एकालाही मान उचलवत नव्हती. त्यांची दोन भावंडं मी पोचायच्या आधीच गेली होती आणि गोठ्यामागे पुरलीही होती. पिल्लांची आई मैना, चांगली धडधाकट कुत्री, भिंतीला टेकून कशीबशी उभी होती आणि मधूनच पिवळं पाणी ओकत होती.

मैनेकडे बघितलं की माझं डोकं चालेनासं व्हायचं.

लहान पिल्लांना उलट्या आणि जुलाब लागले की आमच्या धंद्यात पहिलं नाव येतं ते पार्वोचं. हा विषाणू आतड्याचं अस्तर खरवडून काढतो, रक्ताचे जुलाब होतात आणि पिल्लू सुकून मरतं. पण इथं रक्त नव्हतं. शेंबडासारखी चिकट, पिवळी शी होती. लस टोचलेली होती. मैनेला तर दर वर्षी लस मिळत होती, आणि मोठ्या, लस घेतलेल्या कुत्रीला पार्वो सहसा होत नाही असं मी शिकले होते. शिवाय पट्टीवर एकच रेघ. सगळं दिसायला पार्वोसारखं, आणि एकेक गोष्ट तपासायला जावं तर पार्वो नाही.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वैजयंती पाटोदेकर. शिक्षण संपवून लातूर जिल्ह्याच्या कर्नाटकाकडच्या टोकाला, तालुक्याच्या गावी हणमंते सरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. सर मुलीकडे हैदराबादला गेले होते आणि दवाखाना माझ्यावर सोपवून गेले होते. आमचं रोजचं काम म्हशींचं. कुत्री यायची ती बहुतेक तांबरवाडीच्या सगरांची. दिगंबर सगर एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरी संपल्यावर त्यांनी कारवानी कुत्री पाळायचा नाद धरला आणि तोच त्यांचा मान झाला. मैनेच्या पिल्लांसाठी सोलापूर, बीदरकडून माणसं यायची, आधी नाव नोंदवून जायची.

"मॅडम, हे विष हाय," मागून आवाज आला. दिगंबररावांचा पुतण्या नरसिंग. तिशीतला, गावात चार पोरं मागे घेऊन फिरणारा. "मी सकाळपासनं सांगलालो काकाला. केवळाबाईनं घातलंय."

"कोण केवळाबाई?"

"तांड्यावरची. शेळ्यावाली."

मग मला ते भांडण कळलं. मैना मोकळी सुटली होती, तिनं केवळाबाईच्या शेळीच्या करडाला पाठलाग करून मारलं होतं. केवळाबाई सगरांच्या दारात येऊन ओरडली होती, "माझं लेकरू खाल्लं तिनं, तिचीपन लेकरं जातील." सगळ्या गल्लीनं ते ऐकलं होतं. आणि आता लेकरं जात होती.

"नुसतं बोलली न्हाई," नरसिंग म्हणाला. "दोनतीनदा तिला मागच्या दारापाशी बघितलंय लोकांनी. पदराखाली काहीतरी घेऊन येत होती. विचारा कुणालाबी."

अंगणात माणसं जमायला लागली होती. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणी दाराच्या चौकटीला टेकून, कुणी कट्ट्यावर बसून, सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

मी विषाची लक्षणं एकेक करून तपासली. फवारणीचं औषध पोटात गेलं तर तोंडाला फेस येतो, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तसं नव्हतं. उंदराचं एक औषध असतं, त्यानं हिरड्यांतून रक्त येतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, पण रक्त नव्हतं. दुसऱ्या एका औषधानं ओकारीला लसणासारखा वास मारतो. मी मैनेची ओकारी वाकून हुंगली. आंबूस वास, बाकी काही नाही. एवढं झाल्यावर मला वाटलं, आता खात्रीनं सांगावं की विष नाही. तेवढ्यात सगळ्यात लहान पिल्लाचा, बारकीचा, मागचा पाय थरथरायला लागला. झटक्यावर झटके.

"हे बघा! हे बघा!" नरसिंग ओरडला. "विष न्हाई तर काय हे?"

तो झटका विषाचाही असू शकत होता. पिल्लू दोन दिवस उपाशी असल्यानं रक्तातली साखर उतरली तरीही तसाच झटका येतो. मी बारकीच्या हिरडीला ग्लुकोज चोळलं. थरथर कमी झाली. पण पूर्ण थांबली नाही. म्हणजे काय, ते मला ठरवता येईना.

मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन हणमंते सरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"किट निगेटिव्ह आहे?" सर म्हणाले.

"हो सर."

"मोठी कुत्री पण आजारी?"

"हो."

"मग विषबाधेचा संशय म्हण आणि सलाईन लावून मोकळी हो. गावाच्या भानगडीत पडू नकोस."

"पण सर, विषाचं एकही लक्षण धड बसत नाही."

"पार्वोचं बसतंय का?"

"तेही नाही."

"अगं मग काहीतरी एक म्हणावं लागेल ना तुला. लोक उभे असतील समोर."

लोक उभेच होते. मी फोन ठेवून वळले तर अंगण भरलं होतं. नरसिंगच्या हातात आता काठी होती. गुरं हाकायची साधी काठी, पण मघाशी ती त्याच्या हातात नव्हती.

"मॅडम," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुम्ही फक्त एवढं बोला, विष हाय. बाकीचं आमी बघून घेतो."

"काय बघून घेणार?"

"ते तुमी कशाला विचारता? तुमचं काम सांगायचं."

मी दिगंबररावांकडे बघितलं. त्यांनी काही म्हणावं असं मला फार वाटत होतं. पण ते गोणपाटाशेजारी उकिडवे बसले होते आणि एका पिल्लाच्या कपाळावरून बोट फिरवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतका उंचापुरा, मिशीवाला माणूस.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"काय झालंय ते मला माहीत नाही. पार्वो असेल, नसेल. विष असेल, नसेल. अजून तपासावं लागेल."

कुणीतरी हसलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "मग शिकली काय कालिजात?" त्यावर आणखी लोक हसले. नरसिंग दोन पावलं पुढे आला.

"मग न्हाई म्हणा. विष न्हाई असं म्हणा बगू."

"तेही मला म्हणता येत नाही."

"म्हणजे विष असू शकतंय."

"असू शकतं. आणि नसूही शकतं. मला माहीत नाही, नरसिंगभाऊ. हवं तर शंभरदा विचारा, तेवढंच सांगेन."

तेव्हा घरातून कौसल्याकाकू बाहेर आल्या. दिगंबररावांची बायको. त्या कधी चारचौघांत बोलत नसत. मी लस टोचायला जायची तेव्हा चहा ठेवून आत निघून जायच्या. त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

"केवळाबाईला मीच बोलवत होते," त्या म्हणाल्या.

सगळी डोकी त्यांच्याकडे वळली.

"बारकीला मैनेजवळ जागा मिळंना. बाकीची ढकलून द्यायची. हे म्हणतात, आईचं दूध पिऊन जगंल ते खरं कारवानी. वरचं दूध पाजायचं न्हाई. मला बघवंना. म्हणून मी केवळाबाईकडनं शेळीचं दूध घेत होते. मागच्या दारानं. तिच्या पदराखाली तांब्या असायचा. दुसरं काय न्हवतं."

मला वाटलं, सुटलो. आता ही माणसं निवळतील. पण उलटंच झालं.

"म्हणजे दुधातनं घातलं!" नरसिंग म्हणाला.

दिगंबरराव हळूहळू उभे राहिले. बायकोकडे असे बघत होते जणू ती कुणी परकी आहे.

"तू पाजलंस? तिच्या हातचं? करडू मेल्यावरबी?"

"करडू मेल्यावरच मी गेले होते तिच्याकडं," कौसल्याकाकू म्हणाल्या. "आपल्या कुत्र्यानं मारलं, कुणी विचारायला नको? तिनं पाणी दिलं मला. मग मीच दूध मागितलं. ती आधी न्हाईच म्हणत होती."

"आणि मग दिलं. हां. का दिलं?"

नरसिंग आणि त्याची पोरं बाहेर पडली. मी मागून हाक मारली, "नरसिंगभाऊ, मी विष म्हटलेलं नाही!" तो वळला नाही. जावं की थांबावं, मला सुचेना. मागे चार पिल्लं होती, त्यातलं एक थरथरत होतं. मी थांबले.

सगळी दुपार मी त्या अंगणात सलाईन लावत होते. निंबाच्या फांदीला बाटल्या टांगल्या. पिल्लांच्या शिरा इतक्या बारीक पडल्या होत्या की सुई शिरेना, तेव्हा कातडीखाली पाणी भरलं. मी मनाशी एक ठरवलं होतं, जे माहीत नाही ते माहीत नाही, पण उपचार पार्वो धरूनच करायचा, कारण विष असतं तरी त्या उपचारानं फारसं काही बिघडणार नव्हतं. अंगण ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यानं धुवून घेतलं. गोणपाट जाळायला लावलं. दिगंबरराव सांगितलेलं सगळं मुकाट्यानं करत होते. बायकोशी मात्र एक शब्द बोलत नव्हते.

काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. "डॉक्टरबाई, त्या दुधानं झालं असंल का हो? माझ्याच हातानं पाजलंय मी."

नाही म्हणावंसं मला किती वाटलं. त्या बाईचा चेहरा बघून कुणीही नाही म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं तर दुपारी अंगणात जे बोलले ते सगळं खोटं झालं असतं.

"मला माहीत नाही काकू."

त्यांनी मान हलवली आणि बारकीला मांडीवर घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत बारकी गेली. काकू कितीतरी वेळ तिला तशाच घेऊन बसल्या होत्या.

दवाखान्यात परत आल्यावर मी कानाला टोचून घेतलेलं पिल्लांचं आणि मैनेचं रक्त काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलं. पांढऱ्या पेशी इतक्या कमी होत्या की शोधाव्या लागत होत्या. विषानं हे असं सहसा होत नाही. विषाणूनं होतं. मग पट्टी का नाही म्हणाली? मी पुस्तकं काढली, जुनी मासिकं काढली. पट्टी चुकू शकते असं लिहिलं होतं, शीमध्ये विषाणू फारच कमी असला तर, किंवा नमुना फार लवकर किंवा फार उशिरा घेतला तर. एका लेखात होतं की हा विषाणू मूळ रूपात राहिलेला नाही, त्याचे नवे प्रकार निघाले आहेत, आणि काही ठिकाणी मोठ्या, लस दिलेल्या कुत्र्यांतही आजार दिसला आहे. हे वाचून खात्री वाटायला हवी होती. उलट माझी शंका आणखीच वाढली. कारण आपल्याला जे निघावंसं वाटतंय तेच मी पुस्तकात शोधत नाहीये ना, हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शीचे आणि रक्ताचे नमुने बर्फात घालून पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे पाठवले. आणि मग स्कूटर काढून तांड्यावर गेले.

केवळाबाई झोपडीबाहेर शेळ्यांना पाला टाकत होती. साठीची, काटक, हातभर बांगड्या घातलेली. मला बघून तिनं पाला टाकणं थांबवलं नाही.

"तू पण आलीस," ती म्हणाली.

"मावशी, तुमच्या शेळ्या बघायच्या होत्या. आणि थोडं दूध हवं होतं तपासायला."

"विष बगायला."

"काय आहे ते बघायला. मला माहीत नाही, म्हणून आले."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. मग एक शेळी ओढून आणली, माझ्यासमोर बाटलीत दूध पिळलं आणि बाटली माझ्या हातात ठेवताना म्हणाली, "परवापर्यंत चार घरांत जात होतं हे. आज एकानंबी दार उघडलं न्हाई. हॉटेलवाल्यानं तर माझ्यासमोर गटारात ओतलं." तिचा आवाज चढला नव्हता. ती नुसती सांगत होती.

"नरसिंग आला होता का इथं?" मी विचारलं.

"तू तुझं काम कर बाई," ती म्हणाली आणि पुन्हा पाल्याकडे वळली.

ते दूधही मी त्याच प्रयोगशाळेकडे पाठवलं. निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी रोज तांबरवाडीला जात होते. उरलेली तीन पिल्लं कधी सावरायची, कधी पुन्हा ओकायची. एके सकाळी एकानं पेजेचे दोन घोट घेतले आणि मी हरखून गेले, तर संध्याकाळी तेच पिल्लू गेलं. मैना मात्र हळूहळू उभी राहिली. तिच्यामागून दोन पिल्लं. औषधानं की आपोआप, कोण जाणे. दिगंबरराव माझ्याशी बोलायचे, मैनेशी बोलायचे, काकूंशी नाही. काकू चहा आणून ठेवायच्या आणि ते तो थंड होऊ द्यायचे.

मग एका दुपारी महाविद्यालयातून फोन आला. "पार्वोच आहे," तिथल्या बाई म्हणाल्या. "पण नेहमीचा नाही. नवा पोटप्रकार आहे. आमच्याकडे याआधी सीमेपलीकडच्या बाजूनं असेच नमुने आलेत. पट्टी हुकली याचं नवल नाही. दुधात काही नाही. कुत्री कुठं बाहेर नेली होती का, किंवा कुणी माणूस आजारी पिल्लांकडं जाऊन आला होता का, विचारून बघा. हा चपलेच्या तळाला चिकटूनही येतो."

मी तशीच तांबरवाडीला गेले. दिगंबरराव आणि काकू दोघंही अंगणात होते. मी सगळं सांगितलं. विष नाही. दूध नाही. विषाणूच आहे, पण रूप बदललेला.

दिगंबरराव मैनेची मान खाजवत राहिले. मग म्हणाले, "पण आला कुठनं? कुणीतरी आणलाच आसंल की."

मी काही म्हणायच्या आत काकू म्हणाल्या, "पिल्लं आजारी पडायच्या आधी तुम्ही गेला होता ना बीदरकडं."

त्यांनी बायकोकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"एका माणसाची पिल्लं बगायला," काकू म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलंत आल्यावर, त्या माणसाची पिल्लं मरगळल्यासारखी वाटली म्हणून. आणि त्याच चपलांनी तुम्ही आत आलात. मैनेनं पाय चाटले तुमचे. पिल्लं पण आली धावत."

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्या आठवून आठवून सांगत होत्या, जणू त्यांना स्वतःलाच ते आत्ता दिसत होतं.

दिगंबररावांनी माझ्याकडे बघितलं. "तसं असंल का मॅडम?"

"असू शकतं," मी म्हटलं. "मीही रोज दहा गोठे फिरते, माझ्या पायानंही येऊ शकतो. पण त्या माणसाकडची पिल्लं आजारी असतील, तर तेच जास्त शक्य आहे."

ते उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, हा माणूस आता कुणाला तोंड दाखवणार नाही. काकू दाराबाहेर उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं दार उघडलं, त्यांनी टोपी घातली होती. "चल," ते काकूंना म्हणाले. मला म्हणाले, "मॅडम, तुमीबी चला. मला नीट सांगता येनार न्हाई."

बसथांब्याजवळच्या हॉटेलापुढे नेहमीची माणसं बसली होती. नरसिंगही होता. दिगंबररावांच्या सांगण्यावरून कुणीतरी धावत जाऊन केवळाबाईला बोलावून आणलं. ती शेळ्या घेऊन चराईला निघालीच होती, तशीच शेळ्यांसह आली. दिगंबररावांनी टोपी काढली. त्यांना खरंच नीट सांगता आलं नाही. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडले. शेवटी म्हणाले, "केवळाबाई, विष न्हवतं. रोग होता. त्यो मीच आनला असंल, माझ्या पायानं. तुझ्यावर खोटं आलं. माझं चुकलं."

सगळे केवळाबाईकडे बघत होते. तिनं एक शेळी गळ्याला धरून मागे ओढली.

"आन् करडू?" ती म्हणाली.

दिगंबररावांना कळलं नाही.

"माझं करडू. ते कुनी मारलं? ते तर रोगानं न्हाई मेलं."

मला एकदम जाणवलं, इतक्या दिवसांत मीसुद्धा त्या करडाचं नाव काढलं नव्हतं.

"ते मैनेनं मारलं," दिगंबरराव म्हणाले. "मैना माझी. म्हणजे मीच मारलं."

"हां," केवळाबाई म्हणाली. "आता झालं." आणि ती शेळ्या हाकत निघाली. हॉटेलवाला मागून म्हणाला, "उद्यापास्नं दूध आन की मावशी." तिनं मागे बघितलं नाही. पुढे कळलं, त्या हॉटेलात तिनं पुन्हा कधी दूध घातलं नाही. सगरांकडे मात्र घालत राहिली, आणि तेही पुढच्या दारानं. दिगंबररावांनी दाराबाहेर ब्लीचिंगच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही, अगदी नरसिंगनंसुद्धा. पिल्लांच्या लसी आम्ही पुढे वेगळ्या वेळापत्रकानं, एकाऐवजी जास्त वेळा द्यायला लागलो.

पण माझ्या मनात ही गोष्ट पराभवासारखीच बसून होती. हणमंते सर परत आल्यावर म्हणाले होते, "भर अंगणात माहीत नाही म्हणतात का? आपली काय पत राहते?" त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. भरल्या अंगणातलं ते हसू कितीतरी महिने माझ्या कानात होतं.

उन्हाळ्यात तांड्यावरच्या शेळ्यांना लस टोचायला गेले होते. काम संपल्यावर केवळाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "त्या दिवशी आले होते ते."

"कोण?"

"नरसिंग आन् पोरं. काठ्या घेऊन. दारात हुबे. मी आत कडी लावून बसले. छपराला काडी लावायची म्हणत होते. ऐकू येत होतं मला."

मी थांबले. "मग?"

"मग त्यांचं त्यांच्यातच लागलं. एक म्हनला, डॉक्टरीण विष म्हनाली. दुसरा म्हनला, न्हाई, ती कुठं म्हनाली? तिसरा म्हनला, विष न्हाई असं तरी कुठं म्हनाली. नरसिंग म्हनला, ती म्हनली माहीत न्हाई. मग सगळे गप. लई वेळ हुबे होते. आता काठी कुनावर उचलायची, त्यांनाच कळंना झालं. शेवटी एक म्हनला, ऊन लई झालंय, चला. आन् गेले."

मी लशीची पेटी रस्त्याकडेला खाली ठेवली.

"मला वाटलं होतं," मी म्हटलं, "मी त्या दिवशी काहीच केलं नाही."

केवळाबाईनं माझ्या दंडाला हात लावला. तिचा हात खरबरीत होता आणि गरम होता.

"आता तरी माहीत झालं का तुला सगळं?"

"थोडं."

"थोडंच?" ती हसली, पुढचे दात पडलेलं तोंड भरून हसली, आणि एक शेळी कुणाच्या तरी कुंपणात शिरली म्हणून तिला शिव्या देत उतारावरून पळाली.